ओव्हरफ्लोची घुरघुर दर आठवड्याला परत येते? व्हॉल्व्हला हात लावण्याआधी हे बघा

रात्रीचे अडीच वाजलेले. हॉलमध्ये झोपलेल्या बाबांनी हाक मारली, "अरे, मोरीतला नळ चालू राहिलाय का बघ." नळ बंद होता. आवाज माशांच्या टाकीच्या मागून येत होता. आधी बारीक घुरघुर, मग स्ट्रॉने ग्लासच्या तळाचं सरबत ओढल्यासारखा एक लांब सुर्रर्र, मग थोडी शांतता, आणि पुन्हा घुरघुर. त्याच दिवशी दुपारी मी व्हॉल्व्ह फिरवून हा आवाज पूर्ण बंद केला होता. त्याआधीच्या रविवारीही केला होता, आणि त्याच्याही आधीच्या.

चार महिने मी हेच करत राहिलो. आवाज आला की व्हॉल्व्ह पाव फेरा बंद, पुन्हा आला की पाव फेरा उघड. सम्प (मुख्य टाकीच्या खाली ठेवलेली फिल्टरची टाकी) असलेली माशांची टाकी ज्यांच्या घरात आहे त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचं असंच चाललेलं असतं. म्हणून चूक नेमकी कुठे होती आणि ती कशी सापडली ते सविस्तर लिहितो आहे.

आधी माझी मांडणी. चार बाय दोन बाय दोन फुटांची गोड्या पाण्याची टाकी, डिस्कस मासे आणि थोडी झाडं. मागच्या कोपऱ्यात वीस बाय पंधरा सेंटीमीटरचा ओव्हरफ्लो बॉक्स, ज्यात टाकीतलं पाणी सांडून खाली सम्पमध्ये जातं. वर कंगव्यासारख्या खाचा, तळाला एक इंची तीन भोकं. एका भोकातून रिटर्नची, म्हणजे सम्पमधल्या पंपाचं पाणी टाकीत परत आणणारी लाइन वर येते, दुसऱ्यात मुख्य ड्रेन आणि तिसऱ्यात इमर्जन्सी पाइप. मुख्य ड्रेनला खाली सम्पजवळ गेट व्हॉल्व्ह. परदेशातले हौशी लोक या दोन पाइपांच्या पद्धतीला 'हर्बी' म्हणतात. मुख्य पाइप पूर्ण पाण्याने भरलेला, म्हणजे सायफन. दुसरा कोरडा, फक्त अडचणीच्या वेळेसाठी. पंपावर ताशी ४००० लिटर छापलेलं आहे, पण रिटर्नचं तोंड टाकीच्याच उंचीला धरून मोजलं तर वीस लिटरची बादली ३६ सेकंदांत भरते. म्हणजे खरा प्रवाह ताशी २००० लिटर. तुम्हीही हे एकदा मोजाच. डब्यावरचा आकडा धरून पुढचा हिशोब करण्यात अर्थ नाही.

आता आवाजाकडे येऊ. पाणी एकटं वाहिलं तर आवाज करत नाही, आणि हवा एकटी गेली तरीही करत नाही. एकाच पाइपातून दोन्ही मिळून जायला लागली की पाइप बोलायला लागतो. सायफनचं तोंड पाण्याखाली पुरेसं बुडालेलं असेल तर तो मुका असतो. बॉक्सची पातळी उतरून तोंडाजवळ आली की भोवरा पडतो, हवा ओढली जाते आणि सुर्रर्र सुरू होतं. उलट पातळी चढून कोरड्या पाइपाच्या काठावर पोचली की पाण्याची धार सरळ खाली सम्पमध्ये आपटत जाते. तो आवाज वेगळा असतो, गच्चीवरच्या पन्हाळीसारखा खळखळाट.

म्हणून आवाज आल्यावर पहिला प्रश्न एकच विचारायचा: बॉक्समधली पातळी नेहमीपेक्षा खाली आहे की वर? टॉर्च घ्या आणि बघा. यासाठी बॉक्सच्या काचेवर बाहेरून मार्करने एक रेघ मारून ठेवा, सगळं शांत चाललेलं असताना पाणी असतं तिथे. पातळी रेघेच्या खाली असेल तर वर येणारं पाणी कमी झालंय किंवा ड्रेन जास्त ओढतोय. रेघेच्या वर असेल तर ड्रेन कुठेतरी अडलाय, किंवा तुम्ही नुकताच पंप धुतलाय आणि तो ताज्या दमाने पाणी टाकतोय. ही एक रेघ नसल्यामुळे मी चार महिने दोन वेगवेगळ्या आवाजांवर एकच औषध देत होतो.

माझा पहिला संशय व्होल्टेजवर होता. आमच्याकडे संध्याकाळी दिवे मंद होतात. पण टाक्यांचे नेहमीचे एसी पंप सिंक्रोनस असतात, त्यांचा वेग विजेच्या ५० सायकलवर ठरतो. थोडं व्होल्टेज पडलं म्हणून ते हळू फिरत नाहीत. मग इम्पेलर, म्हणजे पंपातला फिरता पंखा, काढून बघितला, व्हिनेगरमध्ये भिजवून धुतला. दोन दिवस सगळं बदललं आणि मग पुन्हा तेच.

शेवटी एक वही घेतली. शाळेतली सहा इंची प्लॅस्टिकची पट्टी बॉक्सच्या काचेला टेपने चिकटवली, दुसरी सम्पमधल्या फिल्टर सॉकच्या (गाळ अडवणाऱ्या कापडी पिशवीच्या) कडेला. सकाळी दात घासताना आणि रात्री दिवे बंद करताना दोन्ही आकडे लिहायचे, बस. व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, कितीही आवाज आला तरी. बाबांना सांगितलं, आठवडाभर आतल्या खोलीत झोपा.

सहाव्या दिवशी वहीत उत्तर उभं होतं. रविवारी सॉक धुतला तेव्हा सॉकमधली पातळी बाहेरच्या पाण्याएवढीच होती. मंगळवारी ती दोन सेंटीमीटर वर, गुरुवारी साडेचार, शनिवारी सात. आणि वर बॉक्समधली पातळी? मंगळवारी दोन, गुरुवारी साडेचार. शनिवारी सहापर्यंत गेली आणि तिथून इमर्जन्सी पाइपात सांडायला लागली.

माझ्या ड्रेनचं खालचं तोंड सॉकच्या आत होतं. सायफन किती ओढणार हे वरच्या आणि खालच्या पाण्याच्या पृष्ठभागांमधल्या उंचीच्या फरकावर ठरतं. सॉक गाळाने भरत गेला की आतलं पाणी चढतं आणि तो फरक कमी होतो. पंप मात्र तेवढंच पाणी वर टाकत असतो. मग तेवढं पाणी खाली जाण्यासाठी फरक पुन्हा पहिल्याएवढा व्हावा लागतो, म्हणजे खाली सात सेंटीमीटर चढलं तर वरही सातच चढणार. माझ्या बॉक्समध्ये सायफनचं तोंड हवा ओढायला लागण्यापासून इमर्जन्सीच्या काठापर्यंत जागाच सहा सेंटीमीटर होती. शनिवारी खळखळाट झाला की मी व्हॉल्व्ह उघडायचो. रविवारी सॉक धुतला की तोच उघडलेला व्हॉल्व्ह जास्त ओढायचा, पातळी तोंडापर्यंत उतरायची आणि रात्री अडीच वाजता सुर्रर्र. मग मी बंद करायचो. दर रविवारी बिघाड मीच पुन्हा पेरत होतो.

सायफनला सैलपणा नसतो

हे एकदा आकड्यांत समजून घेतलं की व्हॉल्व्हवरचा राग जातो. पाइपातून जाणारा प्रवाह उंचीच्या फरकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. माझ्याकडे तो फरक ७८ सेंटीमीटर आहे. बॉक्समधली पातळी पाच सेंटीमीटर वाढली तरी ड्रेनचा प्रवाह जेमतेम तीन टक्के वाढतो. उलटं वाचा: पंपाचा प्रवाह दोन टक्के घटला तर बॉक्सची पातळी तीन सेंटीमीटर उतरते. दोन टक्के म्हणजे काय? पंपाच्या तोंडावरच्या स्पंजावर दोन दिवसांचा गाळ.

उन्हाळ्यात यात आणखी एक भर पडते. माझ्या सम्पचा रिटर्नचा कप्पा ३० बाय ४० सेंटीमीटर आहे, म्हणजे एक सेंटीमीटर पाणी म्हणजे १.२ लिटर. एप्रिलमध्ये पंखा चालू असताना दिवसाला सहा लिटर उडतं. सगळी घट याच कप्प्यात दिसते, कारण बाकीच्या कप्प्यांची पातळी मधल्या काचांनी ठरलेली असते. पाच सेंटीमीटर उतरलं की पंपाला तेवढंच जास्त उचलावं लागतं, प्रवाह किंचित घटतो, आणि वर बॉक्समध्ये त्या 'किंचित'चं माप सेंटीमीटरमध्ये दिसतं. माझ्या वहीत सुरुवातीला जो गोंधळ दिसत होता त्यातला बराचसा या बाष्पीभवनाचा होता. रोज सकाळी रिटर्नच्या कप्प्यात ठरलेल्या रेघेपर्यंत पाणी भरायला लागल्यावर सॉकचं चित्र स्पष्ट झालं. फ्लोट व्हॉल्व्ह लावून वरून आपोआप पाणी भरण्याची सोय केली तर उत्तमच.

आणि हे सगळं किती वेगाने होतं बघा. वीस बाय पंधराच्या बॉक्समध्ये एक सेंटीमीटर म्हणजे फक्त ३०० मिलिलिटर. ताशी २००० लिटरमध्ये एक टक्का तफावत म्हणजे मिनिटाला सुमारे ३३० मिलिलिटर. एका टक्क्याच्या चुकीवर पातळी पहिल्याच मिनिटात सेंटीमीटरभर सरकते, मग हळूहळू नव्या जागी स्थिरावते. म्हणून व्हॉल्व्ह फिरवून लगेच निकाल बघू नका. पाव फेरा, मग दहा मिनिटं थांबणं. मी स्वयंपाकघरातला टायमर लावतो.

मी काय बदललं

दोन गोष्टी. पहिली म्हणजे ड्रेनची खालची तोंडं सॉकमधून काढली. आता ती सम्पच्या पहिल्या मोकळ्या कप्प्यात उतरतात. त्या कप्प्याची पातळी आडव्या काचेवरून ठरते, गाळ किती आहे यावरून नाही. काचेवरून पाणी पलीकडे जातं तिथे लगेच खाली फिल्टर वुलचा ट्रे आहे. तो तुंबला तर पाणी ट्रेच्या कडेवरून जाईल, मागे चढणार नाही.

सायफनचं तोंड सम्पच्या पाण्याखाली दोन-अडीच सेंटीमीटरच ठेवा. आपल्याकडे टाकी बनवणारे बहुतेक जण पाइप तळापर्यंत सोडतात, दिसायला नीट दिसतो म्हणून. मग वीज गेली आणि परत आली की सायफन सुरूच होत नाही. पाइपात अडकलेली हवा खालून बाहेर ढकलली जायला हवी. तोंड वीस सेंटीमीटर खोल असेल तर वरच्या पाण्याला तेवढा जोर लावता येत नाही. लाइट आल्यावर पंधरा-वीस मिनिटं आरडाओरडा करणाऱ्या टाक्यांचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. पाइप कापा. हॅक्सॉ ब्लेडने तिरका काप दिला तर बुडबुडेही कमी होतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दोन पाइपांचे मी तीन केले. रिटर्नची लाइन बॉक्समधून काढून टाकीच्या मागच्या काठावरून घेतली, त्यामुळे एक भोक मोकळं झालं. आता बॉक्समध्ये तीन पाइप आहेत, आणि त्यांचं काम उंचीने वाटलेलं आहे.

पहिला सायफन, बेंड खाली तोंड करून, नेहमीच्या पातळीच्या बारा-तेरा सेंटीमीटर खाली. व्हॉल्व्ह फक्त यालाच. दुसऱ्या पाइपाची वरची वळणाची कड नेहमीच्या पातळीला. त्यातून सतत एक बारीक ओघळ जातो, भिंतीला चिकटून, आवाज न करता. तिसरा उभा, उघड्या तोंडाचा, दोघांच्या वर आणि कायम कोरडा. परदेशात या रचनेला 'बीनॲनिमल' म्हणतात, तेही एका हौशी माणसाचं टोपणनावच.

यातली सगळी खुबी दुसऱ्या पाइपात आहे. सायफनला सैलपणा नाही, तो सैलपणा हा पाइप देतो. पंप दोन टक्के वर-खाली झाला तर बॉक्सची पातळी तीन सेंटीमीटर हलण्याऐवजी ओघळ थोडा जाड किंवा बारीक होतो, आणि पातळी मिलिमीटरभर हलते. या पाइपाच्या माथ्यावर एंड कॅप आहे, कॅपला छोटं भोक, आणि त्यात एअरपंपाची साधी नळी. नळीचं दुसरं टोक बॉक्समध्ये, नेहमीच्या पातळीच्या दीड-दोन सेंटीमीटर वर क्लिपने अडकवलेलं. रोज या नळीतून पाइपाला हवा मिळते, म्हणून तो सायफन होत नाही. पण मुख्य ड्रेन अडला आणि पाणी चढलं तर नळीचं टोक बुडतं, हवा बंद होते, आणि हाच पाइप स्वतःहून सायफन होऊन सगळा प्रवाह उचलतो. तोही अडला तरच तिसरा.

जोडणी करताना एक सांगणं: बॉक्सच्या आतले उभे पाइप सोल्युशन लावून चिकटवू नका. टँक निपलमध्ये घट्ट दाबून बसवले की पुरतं, थोडं झिरपलं तरी ते ड्रेनमध्येच जातं. उंची पाच-सहा वेळा बदलावी लागते. सम्पजवळ व्हॉल्व्हच्या वर-खाली मात्र युनियन, म्हणजे हाताने उघडता येणारे जोड, हवेतच.

व्हॉल्व्ह गेटचाच घ्या. बॉल व्हॉल्व्ह पाव वळणात पूर्ण उघडा ते पूर्ण बंद होतो, आणि आपल्याला जी बारीक जागा हवी असते ती दोन-तीन अंशांत संपते. गेट व्हॉल्व्हला अनेक फेरे असतात. हार्डवेअरच्या दुकानात मागितला की पितळी पुढे करतात, तो नको. पितळात तांबं असतं आणि कोळंबी, गोगलगाई, समुद्री टाकीतली प्रवाळं यांना तांबं सहन होत नाही. प्लॅस्टिकचा नेहमी मिळत नाही, मागवावा लागतो, पण थांबा आणि तोच घ्या.

बसवल्यावर

व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून पंप सुरू करा. सायफन हवा ओढेल, ओढू द्या. मग पाव-पाव फेऱ्याने बंद करत जा. आवाज थांबला की पातळी सावकाश चढायला लागेल. दुसऱ्या पाइपात ओघळ सुरू झाला की थांबा. ओघळ करंगळीएवढा असेल तर थोडा उघडा, नुसते थेंब असतील तर किंचित बंद करा. पेन्सिलीच्या जाडीचा ओघळ मला सगळ्यात शांत वाटतो.

जमलं की व्हॉल्व्हच्या चाकावर आणि बॉडीवर एकाच रेषेत मार्करने खूण करा. नंतर एकदा पूर्ण बंद करून, मोजत उघडत त्या खुणेपर्यंत या आणि आकडा लिहून ठेवा.

आता पंप बंद करा. दहा मिनिटं थांबा. टाकीतून किती पाणी खाली येतं ते डोळ्यांनी बघा. माझ्या टाकीत एक सेंटीमीटर पाणी म्हणजे ७.२ लिटर. रिटर्नचं तोंड आठ सेंटीमीटर खोल ठेवलं असतं तर वीज गेल्यावर ५७ लिटर सम्पमध्ये उतरले असते आणि हॉलमध्ये पसरले असते. तोंड दीड सेंटीमीटरच बुडालेलं ठेवा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या किंवा पाइपाला पाडलेल्या बारीक भोकाच्या भरवशावर राहू नका. भोक शेवाळाने बुजतं. पंप पुन्हा लावा. मिनिटभर गडगड होईल, हवा बाहेर पडेल आणि शांत होईल. हे तीनदा करा.

मग मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून बघा, एक माणूस पंपाच्या स्विचजवळ उभा ठेवून. पाणी चढून नळीचं टोक बुडालं पाहिजे आणि दुसरा पाइप जोरात ओढायला लागला पाहिजे. नंतर दुसऱ्याचंही तोंड झाकून तिसरा एकटा पुरतो का ते बघा. ही परीक्षा दिवसा घ्या. तिसऱ्या पाइपाच्या तोंडावर जाळी बसवू नका, मासे जातील अशी भीती असेल तर कंगव्याच्या खाचा बारीक करा. ज्या जाळीवर पान अडकू शकतं ती तिथे असता कामा नये.

एकच भोक असलेल्यांसाठी

आपल्याकडच्या कित्येक तयार टाक्यांना एकच ड्रेन असतो. त्यांनी त्याला व्हॉल्व्ह लावू नये, कधीच. एकुलत्या ड्रेनला व्हॉल्व्ह लावणं म्हणजे एखाद्या गोगलगाईच्या हाती घर देणं. तिथे ड्युर्सो पद्धतीचा पाइप करा: वर टी, बाजूच्या तोंडाला खाली वळवलेला बेंड, माथ्यावर कॅप आणि कॅपला हवेचं भोक. भोक लहान पडलं की पाइप फ्लशसारखा भरून-रिकामा होतो, दर मिनिटाला एकदा. मोठं झालं की सतत फुसफुस. कॅपला एअरची नळी आणि तिची छोटी चावी लावली की मधली जागा सापडते. तरीही गडबड राहिलीच तर पंपाचा प्रवाह कमी करा, पंपाच्या पुढच्या बाजूने. त्याच्या तोंडाशी अडथळा आणून नाही.

सहा महिन्यांत माझ्या नव्या मांडणीने एकदाच आवाज केला. पातळी वर, ओघळ करंगळीपेक्षा जाड. सॉक आता मध्ये नव्हता, पंप धुतलेला नव्हता, म्हणजे मुख्य ड्रेनच अडलेला. युनियन उघडली, व्हॉल्व्ह तळहातावर घेतला आणि टॉर्च आत मारली. गेटच्या कडेला, अर्ध्या उघड्या फटीत, वाटाण्याएवढी तपकिरी गोगलगाय शंखासकट अडकून बसली होती आणि तिच्यामागे व्हॅलिस्नेरियाच्या पानाची एक लांब पट्टी गुंडाळलेली. चिमट्याने दोन्ही काढलं. गोगलगाय जिवंत होती, सम्पमध्ये सोडली. व्हॉल्व्ह परत खुणेवर आणला, सव्वादोन फेरे, आणि काहीच जुळवावं लागलं नाही.

आता दर महिन्याच्या एक तारखेला व्हॉल्व्ह एकदा पूर्ण उघडून दहा सेकंद पाणी जोरात जाऊ देतो, म्हणजे फटीत काही बसलं असेल तर वाहून जातं, आणि मोजून सव्वादोन फेऱ्यांवर परत आणतो. पंपाचा इम्पेलर दोन महिन्यांनी. वुल रविवारीच बदलतो, आणि रविवारी रात्री बाबा हॉलमध्येच झोपतात.